छऱ्यांवरचे जास्तीचे तेल: किती काढावे, कसे काढावे

नागपुरातील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी ४.५ मिलिमीटरच्या स्प्रिंगच्या एअर रायफलने दहा मीटरवर सराव करते. मागच्या पावसाळ्यात छऱ्यांच्या एका डब्यात पांढरी भुकटी धरली, म्हणून यंदा आषाढ लागण्यापूर्वीच त्यांनी उरलेल्या डब्यांमध्ये शिलाई मशीनचे तेल सोडले आणि डबे हलवून ठेवले. तेव्हापासून काही फैरींचा आवाज मोठा येतो, जळका वास येतो, नळीच्या तोंडाशी धूर दिसतो, आणि एकाच जागी पडणारे छर्रे आता वरखाली पसरतात. हे तेल काढावे कसे, पूर्ण काढावे की थोडे ठेवावे, असे त्यांनी विचारले आहे.

तेल काढता येते आणि त्यासाठी घरातील साधा भांड्यांचा द्रव साबण पुरतो. मात्र डबे धुऊन होईपर्यंत त्या तेलकट छऱ्यांनी एकही फैर झाडू नये, कारण सध्या जे घडते आहे ते केवळ नेमाचे नुकसान नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढताच पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्यासमोरची हवा क्षणार्धात इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत खनिज तेलाची वाफ सापडली तर ती पेट घेते. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते तसेच हे असल्यामुळे नेमबाज याला ‘डिझेलिंग’ म्हणतात. तुम्हाला ऐकू येणारा मोठा आवाज, वास आणि धूर हा त्याचाच परिणाम आहे. पेटलेल्या फैरीचा छर्रा जास्त वेगाने निघतो आणि टार्गेटवर वर लागतो. त्यापुढची फैर साधी गेली की तो पुन्हा खाली लागतो. वारंवार असे झाले तर पिस्टनचे सील जळते आणि स्प्रिंगही मोडू शकते. नव्या बंदुकीत कारखान्यातले थोडे तेल राहिलेले असते आणि पहिल्या काही फैरींत ते जळून जाते. पण प्रत्येक छऱ्याबरोबर नवे तेल आत जात राहिले तर हे थांबत नाही.

बाजारातून आणलेल्या डब्यातही तेलाचा अंश असतोच. छर्रे शिशाच्या तारेचे तुकडे पोलादी साच्यात दाबून घडवले जातात, आणि शिसे साच्याला चिकटू नये म्हणून तिथे वंगण वापरतात. त्याचा पातळ थर, त्याला चिकटलेली शिशाची बारीक धूळ आणि कधी कधी घडवताना निघालेले केसाएवढे तुसे हे सारे डब्याबरोबर घरी येते. बोटे काळी होतात ती यामुळे. हा मूळचा थर सहसा इतका पातळ आणि इतका सारखा असतो की चांगल्या प्रतीचे स्पर्धेचे छर्रे मी कधीच धुवायला सांगत नाही. तुमच्या डब्यांत अडचण झाली ती वरून ओतलेल्या तेलाची.

काडतुसाच्या ओतीव गोळीशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. त्या गोळीच्या अंगावर वंगणासाठी मुद्दाम खाच ठेवलेली असते. खाचेतले वंगण हवे असते आणि टोकावर किंवा बुडाला लागलेले पुसून टाकायचे असते. आपल्या छऱ्याला अशी खाच नाही. त्याचे डोके, मधली बारीक कंबर आणि मागचा पोकळ घेर एवढेच त्याचे अंग, आणि त्यात तेल साठायला जागा एकच, ती म्हणजे घेराची पोकळी. नेमकी हीच पोकळी पिस्टनकडून येणाऱ्या गरम हवेसमोर असते. डोक्यावर आणि घेराच्या कडेवर, म्हणजे जिथे छर्रा नळीच्या आट्यांना (आतल्या पिळाच्या खाचांना) घासतो तिथे, तेल थोडे कमीजास्त झाले तर फारसे बिघडत नाही. पोकळीत साचलेले तेल मात्र दुहेरी नुकसान करते, कारण ते पेटते आणि वजनही बदलते.

वजनाचा हिशेब एकदा करून पाहावा, म्हणजे एवढ्या खटाटोपाचे कारण पटेल. रायफलसाठीच्या स्पर्धेच्या छऱ्याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते. त्याच्या पोकळीत अर्धा थेंब, समजा ०.०१ ग्रॅम, तेल साचले तर वजन जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढते. ऊर्जा तीच राहिली तर वेग सुमारे एक टक्क्याने घटेल. सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेखाली सुमारे १७ मिलिमीटर उतरतो. वेग एक टक्क्याने घटला तर हा उतार दोन टक्क्यांनी, म्हणजे मिलिमीटरच्या एकतृतीयांशाने वाढतो. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणपद्धतीत गुणाचा प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा असतो. म्हणजे नेम अचूक असूनही अर्ध्या थेंबापायी एक दशांश गेला, आणि हा केवळ वजनाचा वाटा झाला. पेटलेल्या फैरीने पडणारा फरक याहून मोठा असतो. ज्या स्पर्धेत साठ फैरींनंतर क्रमांक काही दशांशांनी ठरतात, तिथे बारा वर्षांच्या मुलीने ‘माझाच हात हलला’ असे समजून स्वतःला दोष देत राहावे, हे मला पाहवत नाही. अशा कितीतरी मुलांचे उभे राहणे, श्वास, चाप सगळे तपासून झाल्यावर शेवटी दोष डब्यात सापडल्याचे मी पाहिले आहे.

आता धुण्याकडे येतो. एका वेळी एकच डबा घ्यावा. पाचशे छऱ्यांचा डबा म्हणजे सुमारे २६५ ग्रॅम शिसे, आणि शिसे फार मऊ असते, त्यामुळे जास्त डबे एकत्र घेतले तर फिरवताना वरच्या भाराने खालच्या थरातील घेर चेपण्याची शक्यता असते. रुंद तोंडाची, झाकणाची एक प्लास्टिकची बरणी आणि एक प्लास्टिकची गाळणी फक्त याच कामासाठी बाजूला काढावी, त्यांवर ठसठशीत अक्षरांत ‘शिसे’ असे लिहावे आणि ती पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाऊ देऊ नयेत. बरणीत आधी कोमट पाणी आणि साबणाचे चार-पाच थेंब घालावेत, मग छर्रे हळूच सोडावेत. कोरड्या बरणीत छर्रे ओतले की ते तळावर आपटून घेर वाकतात. पाण्यात सोडले की अलगद बसतात. नंतर तांदूळ धुताना आपण भांडे जसे गोल फिरवतो, तशी बरणी मिनिटभर फिरवावी. खुळखुळ्यासारखी हलवू नये. पाणी लगेच राखाडी होईल आणि वर तेलाचा तवंग दिसेल. ते पाणी गाळून एका जुन्या बादलीत घ्यावे आणि हेच पुन्हा करावे. वरून तेल घातलेल्या डब्याला साबणाचे तीन हात सहज लागतात. गाळणीत ठेवलेल्या छऱ्यांवरून पाणी घरंगळून न जाता पातळ पापुद्र्यासारखे पसरू लागले, म्हणजे तेल गेले असे समजावे. पाण्याचे मणी होत असतील तर आणखी एक हात द्यावा.

साबणाचा अंश राहू नये म्हणून साध्या पाण्याने दोनतीनदा हलकेच विसळून घ्यावे आणि शेवटचे पाणी आरओचे किंवा बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड घ्यावे. हा आग्रह उगाच नाही. आपल्याकडे नळाला पेंच किंवा कन्हानचे पाणी असले तरी अनेक वस्त्यांत बोअरचे पाणी वापरतात, आणि जड पाणी वाळले की छऱ्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. ते डाग आणि शिशाची पांढरी भुकटी वरवर सारखीच दिसतात. मग आपण पुन्हा घाबरतो आणि पुन्हा तेल ओततो.

काय वापरू नये हे मला अधिक जोर देऊन सांगायचे आहे, कारण त्यात धोका आहे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने लख्ख निघतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे काळवंडलेल्या छऱ्यांनाही तोच उपाय करावासा वाटतो. शिशाच्या बाबतीत तो घातक आहे. आम्लांची शिशाशी प्रक्रिया होते; व्हिनेगरमुळे तर लेड ॲसिटेट तयार होते, जे पाण्यात सहज विरघळते आणि अत्यंत विषारी असते. धातूरूपातले शिसे हाताळण्यापेक्षा हा द्रव हाताळणे कितीतरी धोक्याचे. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, आमसूल, फरशीवरचे डाग काढणारी द्रव्ये यांपैकी काहीही नको. धुण्याचा सोडाही नको, कारण शिसे तीव्र अल्कलीतही झिजते. पेट्रोलने तेल निघते हे खरे, पण पेट्रोलची वाफ घरात पसरून पेट घेऊ शकते आणि हे काम मुले असलेल्या घरात चालले आहे. रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवते, त्यामुळे त्याने काहीच साधत नाही.

वाळवण्याच्या बाबतीत नागपूरचे हवामान आठ महिने आपल्या बाजूने असते आणि चार महिने विरुद्ध. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की जुन्या सुती कापडावर एका थरात पसरलेले छर्रे सावलीतही तासाभरात वाळतात. पण त्याच दिवसांत घराघरांत कूलर चालू असतात. कूलरची खोली थंड असते तशीच दमटही असते. वाळायला घातलेले छर्रे, आणि एरवी त्यांचे डबेही, त्या खोलीत नकोत. मी स्वतः बरीच वर्षे डबे कूलरसमोरच्या फळीवर ठेवत असे आणि भर उन्हाळ्यात त्यांना पांढरे कसे धरते याचे कोडे मला सुटत नव्हते. गच्चीवर वाळवायचे असेल तर वर जाळी अवश्य झाकावी. चिमण्या, कबुतरे दाणे आणि बारीक खडे वेचतात, छर्रे त्यांना तसेच दिसतात, आणि पोटात गेलेला एकच छर्राही लहान पक्ष्याला मारू शकतो. पावसाळ्यात शक्यतो धुऊच नये. धुवावेच लागले तर कापडावर हलकेच लोळवून पाणी टिपावे आणि पंख्याखाली रात्रभर ठेवावे. घेराच्या पोकळीत अडकलेले पाणी सर्वांत शेवटी वाळते, म्हणून अर्ध्या वेळाने छर्रे उलटसुलट करावेत.

तुमच्या मूळ चिंतेकडे, म्हणजे पांढऱ्या भुकटीकडे, आता येतो. ताजे शिसे चकचकीत असते, काही दिवसांत ते राखाडी होते. तो राखाडी थर शिशाचे रक्षण करतो आणि त्याला हात लावण्याची गरज नाही. पांढरी भुकटी वेगळी. दमट हवा, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि आम्लाची वाफ एकत्र आली की शिशाचे कार्बोनेट बनते आणि ते थर न धरता पिठासारखे झडते. ही आम्लाची वाफ येते कुठून, तर बहुधा कपाटातून: लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत अगदी थोडी झिरपत असते. लाकडी खणांत ठेवलेल्या शिशाच्या जुन्या वस्तू याच कारणाने खराब होतात, हे संग्रहालयांत काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. तेव्हा तुमचे डबे कोणत्या कपाटात होते ते आधी पाहावे. पत्र्याचा डबा, तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि हे सारे लोखंडी कपाटात, एवढे केले तर संपूर्ण पावसाळा तेलाच्या थेंबाशिवाय निघतो.

म्हणूनच धुतल्यानंतर पुन्हा तेल लावावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर तुमच्या मुलीपुरते ‘नाही’ असे आहे. सेकंदाला १७० ते १८० मीटर वेगाला नळीत शिसे साचण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही. याहून बऱ्याच अधिक वेगाच्या हवेच्या बंदुकांमध्ये नळीला शिसे धरू नये म्हणून अगदी पातळ थर उपयोगी पडतो. तो द्यायचा झाल्यास स्पंजच्या तुकड्यावर छऱ्यांसाठीच विकल्या जाणाऱ्या वंगणाचे दोन किंवा तीन थेंब टाकून, तो स्पंज बोटांनी चांगला मुरवून, त्यावर पाचशे छर्रे लोळवावेत. छर्रा टिपकागदावर ठेवून उचलला तर मागे डाग पडता कामा नये. डाग पडला तर तेल जास्त झाले. घरातली तेले मात्र कोणीही वापरू नयेत. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे आपल्या पौष-माघात नळीत त्याचे मेण होते. जवसाचे तेल तर त्याहून वाईट. विदर्भात ते घरोघर असते म्हणून मुद्दाम सांगतो: जवसाचे तेल हवेत वाळून चिवट वार्निश बनते, आणि शिशाची संयुगे त्याचे वाळणे आणखी वेगाने घडवतात. असे तेल लावलेली एक नळी माझ्याकडे आली होती. आट्यांतला तो पिवळा थर काढायला दोन दिवस लागले.

छर्रे धुतले तरी नळी तेलकट राहिली तर काहीच साध्य होणार नाही. नायलॉनच्या दोरीच्या फासात सुती कापडाची लहान पट्टी अडकवून ती छर्रा भरण्याच्या बाजूने नळीच्या तोंडाकडे ओढावी, आणि पट्टी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत नवीन पट्ट्या घ्याव्यात. नळी मोडून उघडणारी बंदूक असेल तर ती पूर्ण न ताणता नळी हव्या तेवढीच उघडावी आणि दुसऱ्या कोणाला ती घट्ट धरायला सांगावी. नमद्याचे तयार बोळे मिळतात, पण स्प्रिंगच्या बंदुकीतून एकटा बोळा झाडू नये. त्याचा अडसर इतका कमी असतो की पिस्टन रिकामा आपटतो. नळी कोरडी केल्यावरही, पिस्टनच्या पुढच्या पोकळीत उरलेले तेल जळेपर्यंत, दहावीस फैरींना थोडा वास येईल. पन्नास फैरींनंतरही धूर दिसला तर बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी. स्प्रिंग स्वतः उघडण्याचा प्रयत्न कृपया करू नये. ताणात असलेली स्प्रिंग सुटून गंभीर इजा होऊ शकते.

साफ केलेल्या नळीचा नेम पहिल्या वीस-तीस फैरींत सरकत असतो. त्या अवधीत दर्शिका (नेम धरण्याचे साधन) फिरवू नये. नळी स्थिरावल्यावर बंदूक वाळूच्या उशीवर टेकवून, धुतलेले पाच आणि वरून तेल न ओतलेल्या नव्या डब्यातले न धुतलेले पाच असे आळीपाळीने निदान चार-चार गट पाडावेत. एकाच गटावरून निष्कर्ष काढू नये. दोन्हींत फरक दिसला नाही तर पुढचे डबे धुण्याचे श्रम वाचवावेत. माझ्या अनुभवात चांगल्या डब्यांबाबत बहुतेकदा असेच निघते.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मुलीच्या हातांची काळजी. शरीरात शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि पोटात गेलेल्या शिशाचा प्रौढांच्या मानाने कितीतरी मोठा हिस्सा मुलांच्या शरीरात शोषला जातो. अखंड कातडीतून धातूचे शिसे फारसे आत जात नाही, ते जाते हातातून तोंडात. तेलकट छर्रा हे यासाठी सर्वांत वाईट वाहन आहे, कारण तेल शिशाची धूळ बोटांच्या रेषांत आणि नखांत धरून ठेवते. त्यामुळे छर्रे धुण्याचे काम मोठ्यांनी करावे, हातमोजे घालून करावे आणि मुलीला त्यात हौसेनेही घेऊ नये. सराव संपल्यावर तिने साबण आणि वाहत्या पाण्याने, नखांसकट, हात धुतल्याशिवाय तर्री-पोह्याच्या बशीला हात लावू नये. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे जात नाही. छर्रा ओठांत धरण्याची सवय काही मुलांना असते. ती पहिल्याच दिवशी मोडावी.

धुण्याचे पाणी मोरीत, बागेत किंवा तुळशीच्या कुंडीत ओतू नये. मातीत गेलेले शिसे तिथेच राहते. बादली झाकून एक-दोन दिवस स्थिर ठेवली की गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी पसरट ट्रेमध्ये जाळीखाली उन्हात आटवावे, आणि उरलेला गाळ, पुसलेली कापडे व हातमोजे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहावे. छर्रेपेटीत, म्हणजे टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या पेटीत, जमा होणारे शिसे नोंदणीकृत शिसे-पुनर्वापर करणाऱ्याकडे देण्याची व्यवस्था बहुतेक प्रशिक्षण केंद्रांना करावी लागते. आपल्या प्रशिक्षकांना विचारून हा डबाही त्यातच द्यावा.

मागच्या वर्षी पांढरी भुकटी धरलेला तो डबा अजून घरात असेल तर तो धुवायला घेऊ नये. ती भुकटी श्वासाने आत जाते आणि पोटात सहज विरघळते, आणि तिने कुरतडलेल्या छऱ्यांचे माप पुन्हा सारखे होत नाही. झाकण न उघडता तो पिशवीत बांधून त्याच शिशाबरोबर पाठवून द्यावा.